खंडेनवमीआधी हत्यारांचा गंज काढताना

गणपती उठले, पावसाने उसंत दिली आणि खंडेनवमी जवळ आली की कोल्हापूर जिल्ह्यात घरोघरी एकच काम निघते. परड्यातली खुरपी, विळे आणि कोयते, माळ्यावरची पाना-पकडीची पेटी, आजीचा अडकित्ता, कोपऱ्यातले शिलाई मशीन असे सगळे बाहेर येते आणि पावसाळ्याच्या दमट हवेने त्यावर तांबूस थर चढलेला दिसतो. पूजेला मांडायचे हत्यार स्वच्छ हवे. मग वाचक दरवर्षी तेच विचारतात. व्हिनेगरमध्ये किती वेळ ठेवायचे? फरशीचे ऍसिड चालेल का? कोल्ड्रिंकने गंज निघतो हे खरे का? बिडाचा तवा टाकून द्यावा का?

घरातल्या वस्तूंनी गंज नक्की निघतो, आणि तोही फार खर्च न करता. बिघडते ते बहुधा दोन ठिकाणी. वस्तू कशाची आहे हे न पाहता ती आम्लात टाकली जाते, किंवा गंज निघाल्यावर ती ओलीच राहते. खालचे सगळे मुद्दे याच दोन गोष्टींभोवतीचे आहेत.

आधी धातू ओळखा

लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर आत लोखंड आहे, पण वर कशाचा मुलामा आहे हे चुंबक सांगत नाही. ते डोळ्यांनीच पाहावे लागते.

- साधे लोखंड आणि पोलाद: खुरपे, विळा, पाने, बिजागऱ्या, कुलपे. यांना खालचे आम्लाचे उपाय चालतात.
- बीड: तवा, आप्पेपात्र, जुन्या मशीनचा सांगाडा. हे सच्छिद्र असल्याने आम्ल आत मुरते. फार वेळ भिजवू नका.
- जस्ताचा मुलामा: बादली, छपराचा पत्रा, पाण्याचा पाइप. आम्ल आधी जस्तच खाऊन टाकते आणि पुढच्या पावसाळ्यात गंज दुप्पट जोमाने येतो. साबणाचे पाणी आणि ब्रश एवढेच वापरा.
- क्रोमचा मुलामा: सायकलचे हँडल, मोटारसायकलच्या चकाकत्या पट्ट्या. ऍल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत.
- स्टेनलेस स्टील: यावरचे तपकिरी ठिपके बहुतेक वेळा लोखंडी घासणीचे कण अडकून किंवा मिठाचे पाणी साचून येतात. खाण्याच्या सोड्याचा ओला लेप लावा आणि मऊ कापडाने पुसा.
- तांबे, पितळ, ऍल्युमिनियम: यांना गंज चढतच नाही, जो चढतो तो कळकट थर वेगळा. चिंच आणि पितांबरी तांब्या-पितळेसाठी ठीक आहे. ऍल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावू नका, तो धातूच खातो.

आता गंज किती खोल आहे ते पाहा. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबा. पावडर निघाली तर गंज वरचा आहे. पापुद्रे सुटत असतील किंवा टोक आत घुसत असेल तर त्या जागी धातू उरलेलाच नाही, आणि गंज काढल्यावर तिथे भोक दिसेल.

हलका गंज: तेल आणि घासणी

पाच हत्यारांपैकी तिघांना एवढेच पुरते. शिलाई मशीनचे तेल किंवा थोडे रॉकेल लावा, अर्धा तास थांबा, मग तारेच्या घासणीने किंवा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. पाते असेल तर धारेच्या दिशेला समांतर घासा, आडवे नको. तेलात गंजाची पूड अडकते, उडत नाही, आणि धातू उघडा पडताच त्याला तेल मिळते.

जुना गंज: लिंबूसत्त्व

माझे मत विचाराल तर व्हिनेगरपेक्षा हा उपाय सरस आहे. किराणा दुकानात लिंबूसत्त्व, लिंबूफूल किंवा सायट्रिक ऍसिड या नावाने पांढरे खडे मिळतात. स्वस्त आहेत, वास नाही आणि काम लवकर होते.

१. वस्तू आधी साबणाने धुऊन तेल, ग्रीस, माती काढा. तेलकट जागेवर आम्ल पोहोचत नाही, आणि मग मधेच ठिपके राहतात.

२. प्लॅस्टिकच्या टबात एक लिटर कोमट पाण्याला ५० ते १०० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा. ऍल्युमिनियमचे पातेले किंवा जस्ताची बादली घेऊ नका.

३. वस्तू पूर्ण बुडवा. अर्धवट बाहेर राहिली तर पाण्याच्या रेषेवर धातूला कायमची खूण पडते.

४. दर अर्ध्या तासाने काढून ब्रश मारा. हलक्या गंजाला तास-दोन तास, जाड थराला रात्रभर. गंज गेल्यावरही तसेच ठेवले तर आम्ल चांगल्या लोखंडाकडे वळते.

धारदार किंवा नाजूक वस्तूंसाठी याचेच सौम्य रूप करता येते. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून त्यात ४० ग्रॅम धुण्याचा सोडा चिमूट-चिमूट टाका आणि भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब घाला. फेस जोरात उसळतो, म्हणून भांडे मोठे घ्या. हे द्रावण गंज धरून ठेवते पण चांगल्या धातूवर कमी चाल करते.

स्प्रिंग, साखळी, करवत, कोयता अशा कडक केलेल्या पोलादाला मात्र रात्रभर आम्लात ठेवू नका. आम्ल लोखंडावर काम करताना हायड्रोजन तयार होतो. तो पोलादात शिरला की ते ठिसूळ होते, आणि ऊसतोडीच्या वेळी पाते तुटणे म्हणजे हाताला इजा. अशा वस्तूंना सौम्य द्रावण, अर्धा-एक तास आणि बाकी घासणी.

इतर उपायांबद्दल थोडक्यात

व्हिनेगर: चालते. बाजारच्या बाटलीत ४ ते ५ टक्के आम्ल असते, त्यामुळे १२ ते २४ तास लागतात. हत्यार भिजवताना पाणी मिसळू नका.

चिंच: तिच्यात टार्टरिक आम्ल भरपूर असते. कोळात मीठ घालून अडकित्ता किंवा विळीचे पाते अर्धा तास लेपून ठेवता येते. मिठाचा कण मागे राहिला तर नवा गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून धुताना कसूर नको.

कोल्ड्रिंक: त्यात फॉस्फोरिक आम्ल असते हे खरे, पण फार थोडे. साखरेचा चिकटा धुण्यातच वेळ जातो. पैसे वाया.

मळी: जुन्या गाड्या दुरुस्त करणारे लोक जगभर एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी यात सुटे भाग दोन-तीन आठवडे बुडवून ठेवतात, आणि गंज खरोखर निघतो. आपण साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहतो म्हणून हा मोह होतो. पण मळी बाळगणे आणि वाहून नेणे हे राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याखाली येते. टँकरवाल्याकडून कॅन भरून आणू नका. गुऱ्हाळावरची काकवी खाण्यासाठी आहे. लिंबूसत्त्व एका रात्रीत जे करते त्यासाठी तीन आठवडे माश्या-मुंग्या सांभाळण्यात अर्थ नाही.

हिरडा: कोल्हापुरी चपलेचे कातडे ज्या हिरड्याने आणि बाभळीच्या सालीने कमावतात, त्या हिरड्यातले टॅनिन गंजाशी मिळून निळसर काळा थर तयार करते. दुकानात मिळणाऱ्या काही गंजरोधक द्रावणांतही हेच तत्त्व असते. हा उपाय गंज काढत नाही, त्याला बांधून ठेवतो. गेट किंवा ग्रिल रंगवण्यापूर्वी सांदीतल्या गंजावर तयार द्रावण लावणे शहाणपणाचे. घरचा काढा सगळीकडे सारखा बसत नाही.

ऍसिडच्या बाटलीला हात लावण्यापूर्वी

फरशी किंवा संडास धुण्याच्या ऍसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते. गंज मिनिटांत जातो, म्हणून त्याचे आकर्षण वाटते. पण ते चांगले लोखंडही तितक्याच वेगाने खाते आणि त्याच्या वाफेने त्याच खोलीतली बाकीची लोखंडी हत्यारे, फ्रीजची जाळी, कपाटाचे बिजागर गंजू लागतात. वाफ डोळ्यांत आणि छातीत जाते ती वेगळीच. घरात ते वापरू नका, एवढे स्पष्ट सांगतो.

- कोणतेही आम्ल, अगदी व्हिनेगरसुद्धा, कपडे पांढरे करायच्या ब्लीचमध्ये किंवा ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळू नका. क्लोरीन वायू तयार होतो. पुरानंतर घराघरात ब्लीचिंग पावडर असते, तेव्हा जास्तच जपा.
- सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर तीव्र ऍसिडची खुली विक्री निर्बंधांखाली आहे. विक्रेत्याने नोंदवही ठेवायची असते, ओळखपत्र पाहायचे असते आणि १८ वर्षांखालील कुणाला ते द्यायचे नसते. मुलाला ऍसिड आणायला दुकानात पाठवू नका.
- द्रावण कोणतेही असो, हातात रबरी मोजे आणि डोळ्यांना चष्मा हवा. ड्रिल मशीनला तारेचा ब्रश लावून घासत असाल तर जवळ दुसरे कुणी उभे राहू देऊ नका. तारा तुटून उडतात.

गंज निघाल्यानंतरचा पहिला अर्धा तास

लोक इथे चहाला जातात, आणि परत येईपर्यंत पुन्हा केशरी पूड चढलेली असते. मग उपाय खोटा ठरतो. वास्तविक आम्लाने धुतलेले उघडे लोखंड दमट हवेत काही मिनिटांतच गंजू लागते. म्हणून सगळी तयारी हाताशी ठेवूनच वस्तू टबातून बाहेर काढा.

१. वाहत्या पाण्याखाली ब्रशने धुवा.

२. लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून त्यात पाच मिनिटे बुडवा. सांधे, भोके, पोकळ मूठ इथे आम्ल लपलेले असते.

३. पुन्हा स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच कोरड्या कापडाने पुसा. मग उन्हात, नाहीतर केस वाळवायच्या यंत्रासमोर किंवा गरम तव्यावर वस्तू हाताला कोमट लागेपर्यंत ठेवा. लाकडी मूठ तापवू नका.

४. कोमट असतानाच तेल लावा. अवजारांना मशीनचे तेल किंवा गाडीचे नवे इंजिन ऑइल. गाडीतून काढलेले काळे तेल वापरू नका, त्यात आम्ल आणि घाण असते. विळी, सुरी, अडकित्ता यांना खोबरेल लावा, कारण ते पोटात गेले तरी चालते. शेंगतेल महिनाभरात चिकट होऊन त्यावर धूळ बसते.

ठेवायची जागाही महत्त्वाची. ओले गोणपाट, प्लॅस्टिकची बंद पिशवी आणि खताच्या पोत्याची शेजारची जागा या तीनही ठिकाणी हत्यार लवकर गंजते. खुंटीला टांगलेले हत्यार सर्वांत टिकते.

बिडाचा आणि लोखंडी तवा

टाकून देऊ नका. तवा आम्लात भिजवायचाही नाही. जाडे मीठ टाकून नारळाच्या काथ्याने किंवा अर्ध्या बटाट्याच्या कापलेल्या बाजूने घासा. मीठ घासते, बटाट्याचा ओलावा पूड उचलतो. गंज फारच असेल तर पाणी आणि व्हिनेगर निम्मे-निम्मे करून फक्त दहा-पंधरा मिनिटे लावा. धुऊन गॅसवर पूर्ण कोरडा करा. मग तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, जास्तीचे पुसून घ्या आणि धूर निघेपर्यंत तापवा. थंड झाल्यावर पुन्हा तेच. असे तीन-चार वेळा केल्यावर काळा, गुळगुळीत थर बसतो आणि भाकरी, घावन चिकटत नाहीत. तेल जाड लावले तर थर चिकट राहतो. बहुतेकांचे फसते ते इथेच.

अडलेले नट-बोल्ट

गंजाने धरलेला नट जोर लावून फिरवला की बोल्टच तुटतो. सांध्यावर डिझेल किंवा बाजारचे गंज सोडवणारे तेल टाका, पान्याने हलके ठोके द्या, रात्रभर ठेवा. सकाळी आधी थोडे घट्ट करण्याच्या दिशेने हलवा, मग सैल करा. तेल टाकलेल्या जागी ज्योत नेऊ नका. एवढे करूनही हलला नाही तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपला नेऊन कापून घ्या आणि नवा बोल्ट टाका. मोठ्या, जड वस्तूंसाठीही तेच: पंपाचे आवरण, गेटचा सांगाडा, ट्रॅक्टरचा फाळ हे टबात बसत नाहीत. शहराच्या आसपास फाउंड्रीचे काम एवढे आहे की शॉट ब्लास्टिंग करून देणारे सापडतात. दर आधी विचारून घ्या.

ज्या वस्तूंना आम्ल लावूच नये

जुन्या शिलाई मशीनवरची सोनेरी वेलबुट्टी आम्लाने उडते. तिथे मशीनचे तेल आणि मऊ कापड एवढेच. बॉबिन केस, दाबपट्टी असे सुटे भाग वेगळे काढून साफ करा.

तालमीत किंवा घरात पिढीजात तलवार, दांडपट्टा, कट्यार असेल तर तिच्याबाबत मी हात जोडून सांगतो: पॉलिश पेपर नको, लिंबू नको. जुन्या पात्यांच्या पोलादावर लहरींसारखी नक्षी असू शकते, मुठीवर सोन्या-चांदीचे काम असू शकते, आणि एका दुपारच्या घासण्यात ते कायमचे जाते. मशीनचे तेल लावून मऊ सुती कापडाने पुसा, काळसर झाक राहिली तर राहू द्या. चामड्याच्या म्यानात ओल धरते, म्हणून पाते वर्षभर म्यानाबाहेर ठेवा. वस्तू खरोखर जुनी वाटली तर काही करण्याआधी टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात जाऊन विचारा.

पुराच्या पाण्यातून निघालेल्या वस्तू

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि दुकाने, गॅरेज, घरे आठवडाभर बुडाली. अशा वेळी गंजाआधी कागद सांभाळावा लागतो.

- आधी फोटो, मग साफसफाई. पंचनाम्यापूर्वी आणि विमा सर्व्हेअर येण्यापूर्वी वस्तू घासून चकचकीत केली तर नुकसानीचा पुरावाच जातो. पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा, तलाठ्याकडे नोंद झाल्याची खात्री करा.
- गाडी सुरू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ते नुकसान तुमच्या चुकीने झाले असे म्हणायला विमा कंपनीला जागा मिळते. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीची भरपाई मिळत नाही. पॉलिसी पावसाळ्याआधीच काढून वाचा.
- चिखल ओला असतानाच धुवा. नोंद झाल्यावर हत्यारे स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडी करून तेलात बुडवून ठेवा. गंज नंतर सवडीने काढता येतो.
- मोटार आणि बेअरिंग: पाण्यातली मोटार वाइंडिंगवाल्याकडून वाळवून तपासल्याशिवाय जोडू नका. बेअरिंगचा गंज काढत बसू नका, बदला.
- जखम: धनुर्वात गंजामुळे होत नाही, माती आणि घाणीतल्या जंतूंमुळे होतो. पुराच्या चिखलात कापले, टोचले आणि शेवटचे इंजेक्शन पाच वर्षांपूर्वीचे असेल तर डॉक्टरांना दाखवा.

नवी वस्तू लवकर गंजली तर

स्टेनलेस म्हणून घेतलेले भांडे, नवे कपाट किंवा नुकतेच करून घेतलेले गेट पहिल्याच पावसाळ्यात गंजले, तर लिंबूसत्त्व आणायला जाण्याआधी बिल शोधा. दुकानदाराला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. गेट-ग्रिल करून घेताना पत्र्याची जाडी, रेड ऑक्साइडचे हात आणि रंगाचे हात बिलावर लिहून घ्या; तोंडी बोलणे पुढे सिद्ध होत नाही.

गंज काढायला वापरलेले द्रावण ओतण्यापूर्वी त्यात खाण्याचा सोडा टाका, फेस येणे थांबले की भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा. रंगाचे पापुद्रे आणि तेल मात्र मोरीत नाही, ओढ्यात नाही, रंकाळा तलावात तर नाहीच. सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळे द्या.

घासू नका, बदला

ज्या वस्तूवर माणसाचा जीव टांगलेला असतो ती गंज काढून वापरायची नसते. झोपाळ्याच्या कड्या, लोखंडी शिडीचे सांधे, गाडीचा जॅक, ब्रेकची केबल, कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, गॅसचा रेग्युलेटर या सगळ्यांना हाच नियम. वरून चकाकली तरी आतून किती खाल्ली आहे ते घरी कळत नाही.

स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर घेताना त्याच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर आतून रंगवलेले अक्षर पाहा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. ही पुढच्या तपासणीची मुदत असते. मुदत उलटलेला, तळाला पापुद्रे सुटलेला किंवा सील तुटलेला सिलिंडर नाकारण्याचा आणि दारातच वजन करून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. गळतीचा संशय आला तर १९०६ हा क्रमांक लावा. मुदत उलटलेला किंवा खराब सिलिंडर उतरवूनच घेऊ नका, दुसरा मागा.